हार्ड डिस्क क्लोन करायचीय? सॉफ्टवेअर निवडण्याआधी हे चार प्रश्न विचारा



"सर, लॅपटॉप चालू व्हायला पाच मिनिटं लागतात. नवीन घेऊ का?" हा प्रश्न आपल्या प्रत्येक बॅचमध्ये येतोच. बऱ्याचदा नवीन लॅपटॉपची गरज नसते. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली की काम भागतं. पण मग टॅली, पार्ट्यांची खाती, बिलाचा फॉरमॅट, प्रिंटरचं सेटिंग, या सगळ्याचं काय? ते जसंच्या तसं नव्या डिस्कवर नेणं म्हणजे क्लोन करणं.

नेटवर यासाठी सॉफ्टवेअरची रांग लागलेली आहे. "फुकट कुठलं मिळतं?" हे विचारण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारा.

१. मला क्लोन हवाय की इमेज?

क्लोन म्हणजे एका डिस्कवरून तयार केलेली हुबेहूब दुसरी डिस्क. जुनी काढा, नवी बसवा, लॅपटॉप सुरू. इमेज म्हणजे तीच सगळी डिस्क एका मोठ्या फाइलमध्ये बांधून ठेवणं. एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर वेगवेगळ्या तारखांच्या अनेक इमेज ठेवता येतात, पण वापरायच्या वेळी ती आधी रिस्टोर करावी लागते. डिस्क बदलायची असेल तर क्लोन, अडीअडचणीसाठी ठेवायचं असेल तर इमेज. दोन्ही कामं करणारं सॉफ्टवेअर मिळालं तर उत्तमच.

२. नवी डिस्क जुनीपेक्षा लहान आहे का?

जुनी १ टीबीची आणि नवी ५०० जीबीची, असं आपल्याकडे हमखास असतं. क्लोनझिलाला साधारणपणे नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते. लहान असेल तर आधी पार्टिशन छोटं करावं लागतं. काही सॉफ्टवेअर हे आपणहून जुळवून घेतात, फक्त वापरलेली जागा नव्या डिस्कमध्ये मावली पाहिजे. आणि हो, ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ४६५ जीबी दिसते. दुकानदाराने फसवलेलं नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे.

३. हे काम कोण करणार?

क्लोनझिला फुकट आहे, भरवशाचं आहे, पण पेन ड्राइव्हवरून सुरू होतं आणि कीबोर्डवर चालतं. सवय नसेल तर घाम फुटतो. रेस्क्यूझिला तेच काम माऊसने करू देतं, तेही फुकट. सॅमसंगची एसएसडी घेतली असेल तर कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर मिळतं, पण ते सॅमसंगच्याच डिस्कवर क्लोन करतं. क्रूशियल आणि डब्ल्यूडी आपल्या ग्राहकांना अ‍ॅक्रॉनिसची खास आवृत्ती देतात. म्हणून आधी एसएसडीचा ब्रँड बघा. जुन्या व्हिडिओंमध्ये मॅक्रियम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ती सांगितलेली दिसेल. ती १ जानेवारी २०२४ पासून बंद झाली आहे. आणि क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर? नकोच. अख्ख्या धंद्याचा हिशेब आपण त्याच्या हातात देत असतो.

४. बिटलॉकर चालू आहे का?

विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं. सेटिंगमध्ये जाऊन बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या, आणि क्लोनपुरतं ते बंद करणं सोपं पडतं.

प्रत्यक्ष करताना

महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास हे काम काढू नका. जीएसटीआर-१ आणि ३बीच्या गडबडीत लॅपटॉप उघडून बसणं परवडत नाही. टॅलीचा डेटा फोल्डर आधी पेन ड्राइव्हवर घ्या. टॅलीचा सिरियल नंबर आणि लॉगिन लिहून ठेवा. चार्जर लावूनच ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सोर्स कोणता आणि टार्गेट कोणता, हे डिस्कचं नाव आणि साइज बघून दोनदा तपासा. उलटं झालं तर कोरी डिस्क तुमच्या भरलेल्या डिस्कवर उतरते. आणि जुनी डिस्क कटकट आवाज करत असेल, तर क्लोनच्या भानगडीत पडू नका. आधी महत्त्वाच्या फाइल्स बाहेर काढा, नाहीतर सरळ जाणकाराकडे न्या.

झाल्यावर पहिल्यांदा फक्त नवी डिस्क लावून लॅपटॉप सुरू करा. टॅलीत शेवटचं व्हाउचर बघा, एक बिल प्रिंट करा. जुनी डिस्क लगेच फॉरमॅट न करता महिनाभर कपाटात राहू द्या.

क्लोन म्हणजे बॅकअप नव्हे

इथेच बरेच जण निर्धास्त होतात. कपाटातली डिस्क ज्या दिवशी क्लोन केली त्या दिवशी थांबलेली असते. दुसऱ्या दिवशी कापलेलं पहिलं बिलसुद्धा तिच्यात नसतं. जीएसटी कायद्यानुसार तर हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळायचा असतो. लॅपटॉप तेवढा टिकेल याची हमी कोण देणार?

म्हणून टॅलीचा बॅकअप रोज, अख्ख्या डिस्कची इमेज आठवड्यातून एकदा, आणि एक कॉपी दुकानाबाहेर, म्हणजे घरी किंवा क्लाउडवर. बाहेरची हार्ड डिस्क काम झालं की काढून ठेवा. लावलेलीच राहिली, तर व्हायरस तिलाही सोडत नाही.

आजचं होमवर्क: संध्याकाळी गल्ला मोजून झाला की शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे ते बघा. तारीख आठवत नसेल, तर क्लोन नंतर. पहिला बॅकअप आजच घ्या.