अमेरिकी मोटारगाड्यांचा विकास

अमेरिकी मोटारगाड्यांचा विकास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. घोडागाडीला इंजिन बसवून झालेल्या या आरंभापासून संगणकनियंत्रित आणि विजेवर चालणाऱ्या वाहनांपर्यंत त्याची वाटचाल झाली आहे. या काळात गाडीची किंमत आणि रूप प्रामुख्याने कारखानदारांच्या स्पर्धेतून बदलले. सुरक्षितता, धूर आणि इंधनाचा खप यांबाबतचे मोठे बदल मात्र मुख्यतः कायद्यामुळे घडून आले.

आरंभकाळ

चार्ल्स आणि फ्रँक ड्युरिए या बंधूंनी १८९३ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे पेट्रोलवर चालणारी गाडी रस्त्यावर आणली. वाफ, वीज आणि पेट्रोल यांपैकी कोणती शक्ती टिकेल, हे त्या वेळी ठरलेले नव्हते. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या सुमारे ४,२०० गाड्यांपैकी पेट्रोलच्या गाड्या पाव हिश्शाहूनही कमी होत्या. १९०१ मध्ये आलेल्या ओल्ड्समोबाईलच्या 'कर्व्ह्ड डॅश' या गाडीला वळवण्यासाठी चाकाऐवजी होडीच्या सुकाणूसारखी दांडी होती. पेट्रोलचे इंजिन सुरू करण्यासाठी हँडल मारावे लागे आणि ते उलट फिरल्यास हाताला गंभीर इजा होई. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत आल्यावर ही अडचण दूर झाली आणि विजेच्या गाड्या मागे पडत गेल्या.

मॉडेल टी

हेन्री फोर्ड यांच्या कंपनीने १९०८ मध्ये 'मॉडेल टी' ही २० अश्वशक्तीची गाडी बाजारात आणली. तिची रचना साधी होती आणि तळ जमिनीपासून उंच असल्यामुळे ती खेड्यांतील चिखलाच्या रस्त्यांवरही चालत असे. आरंभी तिची किंमत सुमारे ८५० डॉलर होती. १९१३ मध्ये हायलँड पार्क येथील कारखान्यात सरकती जुळणी-पद्धत सुरू झाली. तीत गाडी कामगारासमोर येई आणि प्रत्येक कामगार ठरावीक एकच काम करी. त्यामुळे सांगाड्याच्या जुळणीला लागणारा वेळ साडेबारा तासांवरून सुमारे दीड तासावर आला. किंमत ३०० डॉलरपेक्षा खाली गेली आणि १९२७ पर्यंत दीड कोटी गाड्या तयार झाल्या.

रूप आणि सुखसोयी

जनरल मोटर्सने १९२७ मध्ये हार्ली अर्ल यांच्याकडे गाड्यांच्या रूपरचनेचा स्वतंत्र विभाग सोपवला. दरवर्षी थोडे नवे रूप देऊन ग्राहकाला जुनी गाडी बदलावीशी वाटेल, अशी विक्रीची नीती रूढ झाली. याच दशकात उघड्या गाड्यांची जागा बंद टपाच्या गाड्यांनी घेतली. १९४० च्या ओल्ड्समोबाईल गाड्यांत 'हायड्रा-मॅटिक' हा स्वयंचलित गिअर उपलब्ध झाला. महायुद्धामुळे १९४२ ते १९४५ या काळात नागरी गाड्यांचे उत्पादन बंद होते. त्यानंतर लांब, जड आणि चकचकीत गाड्यांचे युग आले. १९५९ च्या कॅडिलॅकचे मागील उंच पंख हे त्याचे टोक मानले जाते.

सुरक्षितता, प्रदूषण आणि इंधन

१९६० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत रस्ते-अपघातांत दरवर्षी सुमारे ५० हजार माणसे मरत होती. समोरासमोरच्या धडकेत स्टिअरिंगचा ताठ दांडा चालकाच्या छातीवर आदळे. राल्फ नेडर यांच्या १९६५ मधील 'अनसेफ ॲट एनी स्पीड' या ग्रंथाने अशा दोषांची जबाबदारी चालकाइतकीच गाडीच्या रचनेवरही येते, हे मांडले. १९६६ मध्ये सुरक्षेचा केंद्रीय कायदा झाला आणि १९६८ पासून नव्या गाड्यांत सीटबेल्ट बंधनकारक झाले. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यामुळे १९७५ च्या बहुतेक गाड्यांत धुरातील विषारी वायू कमी करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. शिसे या यंत्रणेला निकामी करत असल्याने शिसेविरहित पेट्रोलचा प्रसार झाला.

१९७३ च्या तेलसंकटानंतर छोट्या जपानी गाड्यांची मागणी वाढली. १९७५ च्या कायद्याने नव्या मोटारींसाठी १९८५ पर्यंत प्रतिगॅलन २७.५ मैल, म्हणजे लिटरमागे सुमारे ११.७ किलोमीटर, अशी सरासरी ठरवली. पिकअप आणि त्या वर्गात मोडणाऱ्या वाहनांना मात्र सौम्य निकष लागू झाले. १९९० नंतर वाढलेल्या एसयूव्ही गाड्यांना या सवलतीचा लाभ मिळाला.

सद्यःस्थिती

टेस्लाच्या 'रोडस्टर' (२००८) आणि 'मॉडेल एस' (२०१२) या गाड्यांनी विजेच्या मोटारीला पुन्हा बाजारपेठ मिळवून दिली. दुसरीकडे पिकअप आणि एसयूव्ही यांचेच प्राबल्य आहे. आजची गाडी आतील प्रवाशांना पूर्वीपेक्षा अधिक सुरक्षित ठेवते. परंतु २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे ४,१०० पादचारी अपघातांत मरण पावले, तर २०२२ मध्ये ही संख्या ७,५०० च्या पुढे गेली. या वाढीमागे अनेक कारणे असली, तरी उंच आणि जड गाड्यांची धडक पादचाऱ्यांना अधिक घातक ठरते.

मुंबईशी संबंध

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शेव्हरोले गाड्यांची जुळणी सुरू केली. पुढे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने क्रायस्लरच्या सहकार्याने कुर्ला येथे डॉज आणि प्लिमथ गाड्या तयार केल्या.