चार हिश्श्यांचे शेत

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या हातून एक चूक घडली. ती इतरांच्या हातून घडू नये म्हणून हा लेखनप्रपंच.

आक्काच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ७ होते. त्याच्या शेजारी लिनक्स बसवावे, म्हणजे प्रात्यक्षिके घरीच करता येतील, असा माझा बेत. ‘डी’ पार्टिशन लहान करून १०० जीबी जागा मोकळी केली. पण लिनक्सचा इन्स्टॉलर तिला ‘निरुपयोगी’ म्हणू लागला! जागा आहे, पण वापरता येत नाही, हे कसे?

याचे उत्तर डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये आहे. ५१२ बाइटांच्या या सेक्टरला मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. ही पद्धत १९८३ साली पीसी डॉस २.० बरोबर आली. पार्टिशनांच्या नोंदीसाठी तिच्यात जागा ६४ बाइट आणि एका नोंदीला लागतात १६. म्हणजे नोंदी चारच! शेत कितीही मोठे असो, उताऱ्यावर हिस्से चारच लिहिता येतात. आक्काच्या लॅपटॉपवर चारही ओळी आधीच भरलेल्या होत्या.

मग मी विंडोजमधूनच पाचवे पार्टिशन करू गेलो. डिस्क ‘डायनॅमिक’ करू का, असा प्रश्न आला. खालची सूचना न वाचताच मी ‘होय’ म्हटले. डायनॅमिक डिस्कची वाटणी विंडोज स्वतःच्या वेगळ्या वहीत लिहिते. लिनक्सच्या इन्स्टॉलरला ती वही वाचता आली नाही. त्याला सारी डिस्क एकच तुकडा दिसली. मी घाईने त्यावरच लिनक्स बसवले. आक्काच्या एम.ए.च्या प्रबंधाची दोन प्रकरणे गेली. ती रागावली नाही, मुकाट्याने पुन्हा लिहायला बसली. तेच मला जास्त लागले.

खरा उपाय सोपा होता. ‘डी’मधील सर्व मजकूर दुसऱ्या डिस्कवर उतरवून ते पार्टिशन काढायचे आणि त्या जागी ‘एक्स्टेंडेड’ पार्टिशन करायचे. त्याची नोंद एकच, पण पोटात ‘लॉजिकल’ हिस्से अनेक मावतात. लिनक्स अशा हिश्श्यातूनही नीट चालते.

नव्या संगणकांवर जीपीटी पद्धत असते. तिच्यात साधारणपणे १२८ नोंदी मावतात आणि यादीची एक प्रत डिस्कच्या शेवटीही असते. तेथे वेगळी काळजी घ्यावी. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आले. ते चालू असता विंडोज बंद केले तरी पुरते बंद होत नाही. अशा वेळी लिनक्समधून त्याच्या पार्टिशनवर लिहिल्यास मजकूर बिघडू शकतो. म्हणून ते आधी बंद करावे.

तेव्हा मित्रहो, आधी मजकुराची प्रत काढा, पार्टिशनांची यादी कागदावर उतरवा, सूचना पुरती वाचा, मगच बटण दाबा. शेताच्या वाटणीविरुद्ध कोर्टात जाता येते. डिस्कच्या वाटणीला अपील नाही!