दर्यापारच्या चाकरीचा कागद

कॅरिबियन समुद्रातील बेटांवर आपल्याकडील स्वयंपाकी, परिचारिका, सुतार, हिशेबनीस अशी माणसे कामासाठी जाऊ लागली आहेत. त्या बेटांपैकी क्यूबाच्या दक्षिणेस असलेले ग्रँड केमन आपण उदाहरणादाखल घेऊ. हा ब्रिटिश अंमलाखालचा मुलूख असून तेथे प्राप्तिकर नाही. एवढे कानावर आले की घरोघर पगाराला रुपयांनी गुणणे सुरू होते. आमचे सांगणे असे की, गुणाकाराआधी वजाबाकी करावी आणि वजाबाकीआधी करारपत्र वाचावे.

पहिली गोष्ट परवान्याची. कामाचा परवाना मालक काढतो आणि तो त्या मालकापुरता व त्या हुद्द्यापुरताच असतो. येथे एका कारखान्यातून निघालेला कामगार दुसऱ्या दिवशी शेजारच्या फाटकाशी उभा राहू शकतो. तेथे नव्या मालकाने नवा परवाना मिळवल्याशिवाय काम करता येत नाही. म्हणजे नोकरीबरोबर बेटावरील वास्तव्यही धोक्यात येते. परवान्याची फी भरणे हे मालकाचे काम आहे. ती तुमच्या पगारातून कापू म्हणणाऱ्यापासून सावध राहावे. शिवाय २०१३ च्या दुरुस्तीने परकीय कामगाराच्या वास्तव्याला ९ वर्षांची मर्यादा घातली. तेव्हा कायमचे बिऱ्हाड हलवत आहोत, असे समजून येथले घर विकू नये.

दुसरी गोष्ट पैशाची. करारात नुसते ‘डॉलर’ लिहिले असेल तर कोणते, ते विचारावे. केमनचा एक डॉलर म्हणजे अमेरिकेचे १.२० डॉलर, हा दर ठरलेला आहे. १,००० चा पगार एका अर्थाने १,००० अमेरिकन डॉलर, तर दुसऱ्या अर्थाने १,२०० होतो. प्राप्तिकर नसला तरी सरकार चालते ते मोठ्या प्रमाणावर जकातीवर; सर्वसाधारण मालावर ती शेकडा २२ आहे. बेटावर नदी नाही. पिण्याचे पाणी समुद्राचे खारे पाणी गोडे करून मिळवतात. त्यामुळे किराणा, पाणी, वीज आणि घरभाडे सारेच महाग. राहण्याची सोय मालक करणार की आपण, एवढ्या एका ओळीवर शिल्लक ठरते. आरोग्यविमा उतरवणे मालकावर बंधनकारक आहे, पण ठराविक हप्त्याचा निम्म्यापर्यंत भाग तो पगारातून कापू शकतो. नऊ महिन्यांच्या सलग नोकरीनंतर निवृत्तिनिधीसाठी शेकडा ५ कामगाराचे व ५ मालकाचे जमा व्हावे लागतात. त्याचा हिशेब वेळोवेळी मागून घ्यावा.

तिसरी गोष्ट आपल्या सरकारची. १९८३ च्या कायद्याखाली काही पारपत्रधारकांना ज्या १८ देशांत कामाला जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी घ्यावी लागते, त्यांत कॅरिबियन बेट एकही नाही. म्हणून तुमचा करार येथे कोणी अधिकारी तपासून देईल, या भरवशावर राहू नये. दलाल नोंदणीकृत आहे की नाही ते पाहावे. अशा दलालाला ३०,००० रुपये व त्यावरील करापेक्षा अधिक घेता येत नाही, पावती मागावी. वाटेत अमेरिकेत नुसते विमान बदलायचे असले तरी तेथला व्हिसा लागतो. आणि अडचण आली तर भारताची उच्चायुक्त-कचेरी त्या बेटावर नाही. ती जमैकात किंग्स्टनला आहे.

चौथी गोष्ट वादळाची. १ जून ते ३० नोव्हेंबर हा तेथला तुफानांचा हंगाम. सप्टेंबर २००४ मधील ‘आयव्हन’ तुफानाने त्या सखल बेटावरील बहुतेक इमारतींची हानी केली. अशा वेळी काम बंद पडले तर पगाराचे काय आणि आसरा कोठे, हे निघण्यापूर्वीच लेखी विचारून ठेवावे.

१८३८ पासून १९१७ पर्यंत पाच लाखांवर हिंदी माणसे कराराने कॅरिबियन मुलखांतील उसाच्या मळ्यांवर गेली. ‘अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दाचे त्यांनी ‘गिरमिट’ केले, पण त्यांतील बहुतेकांना तो कागद वाचता येत नव्हता. आजचा कामगार गिरमिट्या नाही. तो वाचू शकतो, विचारू शकतो, नको म्हणू शकतो. मात्र हे तिन्ही सही करण्यापूर्वी करायचे असते. कराराची एक प्रत घरी ठेवावी, पारपत्र स्वतःजवळ ठेवावे, आणि परतीच्या भाड्याची तरतूद कोणाकडे आहे ते कागदावर आल्याखेरीज बॅग भरू नये.