चेहऱ्याचे कलम

आंब्याचं भेटकलम तुम्ही पाहिलंच असेल. फांदी लगेच तोडत नाहीत; रोपाशी ती जीव धरीपर्यंत जुन्या झाडाचा रस तिला चालू ठेवतात. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले शल्यविशारद हॅरॉल्ड गिलीज यांनी माणसाच्या चेहऱ्यावर हेच केले.

पहिल्या महायुद्धात खंदकातून डोके वर काढले की गोळी तोंडावरच. १९१७ साली इंग्लंडात सिडकपला अशा जखमींसाठी खास इस्पितळ निघाले. तिथे चेहरा भाजलेला एक खलाशी आला. छातीची कातडी एका टोकाला जोडलेली ठेवून चेहऱ्यावर आणायची, तर मधल्या पट्ट्याची कच्ची बाजू उघडी राही अन् पू धरी. पेनिसिलीन तेव्हा कुठलं? शस्त्रक्रिया चालू असताना गिलीज यांना दिसले, पट्ट्याच्या कडा आपोआप आत वळताहेत. त्यांनी त्या एकमेकींना शिवल्या. झाली नळी! आत रक्त वाहते, बाहेरून जंतूंना वाट नाही. कातडी रुजली की नळी कापायची.

यात महिने जात, कधी वर्षे. वॉर्डात आरसा नसे. गावच्या रस्त्यावरची काही बाके निळी रंगविली होती. तिथे कोण बसले असेल हे येणाऱ्याला आधीच कळावे, त्याने दचकू नये, म्हणून. मला विचाराल तर शस्त्रक्रियेपेक्षा त्या बाकावर जाऊन बसायलाच जास्त धीर लागत असेल.