खांदेरी: दर्यातली दीपमाळ

आम्हा भोकरकरांना उंचावरचा दिवा ठाऊक आहे तो देवळापुढच्या दीपमाळेचा. त्रिपुरी पौर्णिमेला ती उजळते, मग वर्षभर काळोखात उभी राहते. रोज रात्री पेटणारी दीपमाळ पाहायची असेल, तर अलिबागजवळच्या थळसमोर, भर समुद्रातल्या खांदेरी बेटावर जायला हवं.

मुंबई बंदरात शिरणारी जहाजं या बेटावरून दिसतात. शिवाजी महाराजांनी ते हेरलं आणि १६७९ साली मायनाक भंडारींना इथे किल्ला बांधायला धाडलं. इंग्रजांनी लढाऊ जहाजांनी बेटाला वेढा घातला. पण मराठ्यांच्या छोट्या, चपळ होड्या रात्रीच्या अंधारात रसद पोचवत राहिल्या. त्यांच्या आरमाराने ‘डव्ह’ हे इंग्रजी जहाजही पकडलं. पुढच्याच वर्षी इंग्रजांना तह करावा लागला. त्याच सुमारास जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारच्या उंदेरी बेटावर ठाण मांडलं आणि दोन बेटं एकमेकांवर तोफा रोखून बसली.

तटाबाहेर चुना न लावता टाकलेले मोठमोठे दगड आजही लाटांचा मार झेलतात. त्यांवर धारदार कालवं वाढली, त्यामुळे अनवाणी शत्रूला वर चढणं अवघड झालं. आत वेताळाचं ठाणं आहे. कोळी बांधवांची त्यावर गाढ श्रद्धा. ठोकला की धातूसारखा घणघणणारा दगड आणि गाड्यांवरच्या जुन्या तोफाही इथे पाहायला मिळतात.

१८१८ नंतर बेट इंग्रजांकडे गेलं. मुंबईचा व्यापार वाढला, तसा खडकांचा धोका दाखवणारा दिवा हवा झाला. १८६७ साली इथे सुमारे २५ मीटर उंचीचा अष्टकोनी मनोरा उभा राहिला. ज्या जागेवरून जहाजं अडवली, तिथूनच ती सुखरूप बंदरात जाऊ लागली.

भोकरहून नंदीग्राम एक्स्प्रेसने मुंबई, लाँचने मांडवा, मग थळहून होडी. पावसाळ्यात मात्र दर्या वाट देत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरवलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे.

१७१८ साली मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्र्यांकडून हे बेट हिसकावायला आलेले इंग्रज हात हलवत परतले. त्यांच्या कागदांत कान्होजी ‘चाचे’ ठरले. आज त्याच इंग्रजांनी बांधलेल्या दीपगृहाचं नाव आहे, कान्होजी आंग्रे दीपगृह. मुंबईकडे निघालेल्या खलाशाला रात्री वाट दाखवतो, तो त्यांच्या नावाचा दिवा.