पडद्यावरचा राक्षस भयंकर कां वाटतो?

आषाढांतल्या एखाद्या सायंकाळीं इगतपुरीच्या फलाटावर उभ्या असलेल्या उतारूला थळघाट दिसत नाहीं. त्याला दिसतें तें पांढरें धुकें, आणि त्यांत चार हातांवर विरघळून गेलेले रूळ. कसाऱ्याहून निघालेली गाडी ३७ फुटांस १ फूट अशा चढावानें, एका बोगद्यांतून दुसऱ्यांत शिरत वर येत असते. परंतु ती येत असल्याची पहिली वर्दी कानांना मिळते, डोळ्यांना नव्हे. आधीं रुळांत कसलीशी कुजबूज, मग दरीकडून उठणारी घरघर, मग धुक्यांत उमटलेला एक पिवळसर डाग. डाग वाढत जातो, आणि सर्वांत शेवटीं इंजिनाचें तोंड बाहेर पडतें. गाडी रोजची, तिची वेळ ठरलेली, फलाटावरच्या माणसाला तिच्यापासून इजा होण्याचें कांहींच कारण नाहीं. तरीहि आईबरोबर आलेलें लहान मूल त्या क्षणीं तिचा पदर घट्ट धरतें. इंजिन एकदां पुरतें डोळ्यांसमोर येऊन थांबलें म्हणजे तेंच मूल पदर सोडून चाकें मोजावयास धांवतें. विज्ञानाच्या कल्पनेंतून जन्मलेला चित्रपटांतील अक्राळविक्राळ प्राणी प्रेक्षकाला कां भिववितो, या प्रश्नाचें निम्में उत्तर त्या घरघरीपासून त्या तोंडापर्यंतच्या अर्ध्या मिनिटांत सांपडतें.

थळघाटांतून आगगाडी सुरू झाली ती १८६५ सालीं. त्यानंतर एकतीस वर्षांनीं, ७ जुलै १८९६ रोजीं, मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिए बंधूंचीं हलतीं चित्रें प्रथम दाखविण्यांत आलीं. त्यांत स्टेशनांत शिरणाऱ्या गाडीचेंहि एक चित्र होतें. हें चित्र पाहून पॅरिसचे प्रेक्षक खुर्च्या सोडून पळाले, ही गोष्ट वर्षानुवर्षें सांगितली जाते. तिला भक्कम असा पुरावा नाहीं, आणि विचार केला तर ती संभवनीयहि वाटत नाहीं. लख्ख उजेडांत, दुरून दिसत दिसत येणारी गाडी विस्मय उत्पन्न करील. विस्मयाला दिसलेली वस्तु पुरते. भयाला तिचा न दिसलेला भाग लागतो.

हें तत्त्व चित्रपटवाल्यांना कित्येकदां अपघातानेंच सांपडलें आहे. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या १९७५ च्या 'जॉज' या चित्रपटासाठीं एक यांत्रिक शार्क मासा तयार करण्यांत आला होता. समुद्राच्या खाऱ्या पाण्यांत तो वारंवार बिघडे. मासाच हजर नसेल तर चित्रण कशाचें करावयाचें? तेव्हां पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाच्या दृष्टीनेंच कॅमेरा फिरविण्यांत आला. माशाला जखडलेलीं पिवळीं पिंपें पाण्यावरून धांवूं लागलीं. आणि दोन स्वरांचें एक संगीत त्याच्या येण्याची द्वाही देऊं लागलें. मासा नीट दिसतो तो चित्रपटाचा तासभर उलटून गेल्यावर. चार वर्षांनीं रिडली स्कॉट यांनीं 'एलियन' काढला, त्यांत मात्र हीच गोष्ट समजून उमजून केलेली आहे. स्विस चित्रकार गीगर यांनीं कल्पिलेल्या त्या प्राण्याच्या पोशाखांत सुमारें सात फूट उंचीचा बोलाजी बाडेजो हा सडपातळ तरुण होता. तो डोक्यापासून पायापर्यंत उजेडांत उभा असा क्वचितच दाखविला आहे. येथें एक जबडा, तेथें एक शेपूट, आणि बाकीचा अंधार.

अंधाराचा उरलेला भाग प्रेक्षकाचें मन भरून काढतें, आणि तें नेहमीं वाईटाच्या बाजूनेंच भरतें. यांत मनाचा दोष नाहीं. नाशिक जिल्ह्यांतल्या उसाच्या फडांत पाचट सळसळलें असतां शेतकरी तो वारा आहे असें मानून पुढें जात नाहीं. बिबट्या आहे असें धरून चालतो. दहांपैकीं नऊ वेळां तो चुकतो, पण त्या नऊ चुका स्वस्त असतात. दहावी वेळ चुकली तर ती महाग पडते. मनुष्यजातीनें लक्षावधि वर्षें असाच हिशेब केलेला आहे, आणि चित्रगृहांतला अंधार त्याच जुन्या हिशेबाची वही उघडतो.

आतां आकाराचा प्रश्न. राक्षस मोठा असला म्हणजे भयंकर दिसतो, असा एक बाळबोध समज आहे. वास्तविक पडद्यावर मोठें दिसणें ही अत्यंत सोपी गोष्ट आहे. कठीण असतें तें जड दिसणें. गॅलिलिओनें १६३८ सालींच दाखवून दिलें होतें कीं, प्राण्याची उंची दहापट केली तर त्याचें वजन हजारपट होतें, पण हाडांची जाडी, म्हणजे छेदाचें क्षेत्रफळ, शंभरपटच वाढतें. म्हणून हाडाच्या प्रत्येक चौरस इंचावर दहापट भार पडतो आणि तो राक्षस पहिल्याच पावलाला कोसळतो. पुढें जे. बी. एस. हॉल्डेन यांनीं १९२६ मध्यें हाच विषय एका निबंधांत मोठ्या गमतीनें मांडला. (हे हॉल्डेन १९५७ सालीं हिंदुस्थानांत येऊन राहिले आणि १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारले.) प्रेक्षक चित्रगृहांत बसून असलें गणित करीत नाहीं. परंतु बैलगाडी चिखलांत कशी रुतते, भरलेला हंडा उचलतांना कंबर कशी वांकते, हें त्याच्या देहाला ठाऊक असतें. राक्षसाचें पाऊल जमिनीवर टेकल्यावर जर माती दबली नाहीं, गुडघा लवला नाहीं, तर देह मनाला हळूच सांगतो कीं, हें खोटें आहे. आणि भय तेथेंच संपतें.

लहान प्रतिकृतींवरून मोठ्या वस्तूचा भास उत्पन्न करतांना तर काळाचाहि हिशेब करावा लागतो. घाटांतल्या एखाद्या पुलावरून शंभर फूट खालीं पडणाऱ्या डब्याला सुमारें अडीच सेकंद लागतात. त्याच देखाव्याची पंचविसाव्या हिश्श्याची प्रतिकृति केली तर तो डबा चार फूटच पडेल, आणि त्याला अर्धा सेकंद पुरेल. असें चित्रण नेहमीच्या वेगानें दाखविलें तर तें खेळण्यासारखें दिसणारच. म्हणून एका सेकंदांत २४ ऐवजीं १२० चित्रें घ्यावयाचीं आणि तीं पुन्हां २४ च्या गतीनें दाखवावयाचीं, म्हणजे अर्ध्या सेकंदाचे अडीच होतात. जपानच्या १९५४ च्या 'गॉडझिला' चित्रपटांत ५० मीटर उंचीचा जो प्राणी तोक्यो शहर तुडवितो, तो जड रबरी पोशाखांत कोंडलेला हारुओ नाकाजिमा हा नट होता आणि तें शहर पंचविसाव्या हिश्श्याचें होतें. एइजी त्सुबुराया यांनीं तीं दृश्यें जलद गतीनें टिपलीं, म्हणून त्या पावलांना भार आला. पाणी मात्र या युक्तीला सहसा दाद देत नाहीं. पाण्याचा थेंब लहान करतां येत नाहीं, आणि हौदांतल्या लाटेवरचा मोठा थेंब सगळें बिंग फोडतो.

भार दाखविण्याचा याहून नाजूक उपाय 'ज्युरासिक पार्क' मध्यें, १९९३ सालीं, दिसला. प्रचंड सरड्याचें पाऊल पडतें तें ऐकूं येतें, दिसत नाहीं. दिसतें तें मोटारींत ठेवलेल्या पेल्यांतलें पाणी आणि त्यावर उठणारीं वर्तुळें. हीं वर्तुळें उठविण्यासाठीं खालून गिटारची तार ताणून ती छेडण्यांत आली होती.

कान डोळ्यांपेक्षां आधीं सावध होतो. अचानक झालेल्या आवाजाला मनुष्य सेकंदाच्या सुमारें सातव्या हिश्श्यांत प्रतिसाद देतो, उजेडाला पांचव्या हिश्श्यांत. शिवाय जनावर जेवढें मोठें तेवढा त्याचा स्वर बहुधा खर्जांतला, हें ज्ञान पिढीजात आहे. १९३३ च्या 'किंग काँग' मधल्या वानराची गर्जना सिंह आणि वाघ यांच्या डरकाळ्या मंद गतीनें व उलट्या वाजवून तयार केलेली होती. ध्वनिमुद्रण निम्म्या गतीनें वाजविलें कीं स्वर एक सप्तक खालीं उतरतो, आणि ऐकणाराच्या मनांत जनावर तितकेंच वाढतें. गॉडझिलाची किंकाळी तर कोणत्याच प्राण्याची नाहीं: संगीतकार अकिरा इफुकुबे यांनीं राळ लावलेला चामडी हातमोजा मोठ्या व्हायोलिनच्या सैल तारेवरून ओढविला आणि तो आवाज मंद केला. नभोवाणीच्या श्रोत्याला कानाची ही सत्ता पटवून द्यावी लागत नाहीं; त्याचा राक्षस नेहमींच अदृश्य असतो.

येथवर सांगितलेलें सर्व कसब विलायती दिसत असलें, तरी त्याचें एक मूळ इगतपुरीच्या पुढें तासाभराच्या वाटेवर आहे. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनीं 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्यें मुंबईस दाखविला आणि मग आपला कारखाना नाशिकला हालविला. त्याआधीं त्यांनीं कुंडींतल्या वाटाण्याच्या रोपाचीं थांबून थांबून एकेक चित्रें घेऊन अंकुराची वाढ मिनिटांत दाखविली होती. पुढें आगकाड्यांना नाचविलें. 'किंग काँग' मधला अठरा इंचांचा वानर विलिस ओब्रायन यांनीं चालविला तो याच युक्तीनें, एकेक चित्रामागें तो केसभर हालवून. बोटांच्या स्पर्शानें त्याची लव प्रत्येक वेळीं विस्कटे. तें वैगुण्य होतें, पण पडद्यावर तें अंगावर उठलेल्या काट्यासारखें दिसलें.

फाळक्यांच्या 'कालिया मर्दन' (१९१९) या चित्रपटाचा बराच भाग उपलब्ध आहे. त्यांतला नाग आजच्या डोळ्यांना बाहुला वाटेल, आणि तसें म्हणण्यांत फाळक्यांचा अपमान नाहीं. परंतु तें दृश्य अजूनहि काळजाला हात घालतें, तें कां? कृष्ण झाली आहे ती त्यांची स्वतःची लहानगी मुलगी मंदाकिनी. ती डोहांत उडी घेते. कॅमेरा क्षणभर पाण्याखालीं नागाशीं चाललेली झुंज दाखवितो, आणि लगेच तीरावर येतो. तेथें यशोदा आहे, गोकुळचीं माणसें आहेत. त्यांना पाण्याखालचें कांहींच दिसत नाहीं. प्रेक्षक त्यांच्या चेहऱ्यांवरून नागाची भीति मोजतो. राक्षसाचे दांत किती लांब आहेत यापेक्षां त्याच्यासमोर कोण उभें आहे, याला अधिक महत्त्व असतें, हें त्या नाशिककर गृहस्थांना पाश्चात्यांच्या पुष्कळ आधीं उमगलें होतें. पुढच्याच वर्षीं बाबूराव पेंटर यांच्या 'सैरंध्री' मधला कीचकवध इतका खरा उतरला कीं प्रेक्षकांत हलकल्लोळ झाला आणि तें दृश्य वगळावें लागलें. तो किळसेचा मार्ग. तो परिणामकारक खरा, पण किळस वारंवार दाखविली म्हणजे बोथट होते. तीरावरची आई बोथट होत नाहीं.

राक्षस अगदीं परका असण्यापेक्षां किंचित् ओळखीचा असला तर जास्त बोंचतो. मासाहिरो मोरी या जपानी शास्त्रज्ञानें १९७० सालीं असें मांडलें कीं, यंत्रमानव माणसासारखा होत चालला म्हणजे तो आवडूं लागतो, पण जवळजवळ माणूस झाला आणि थोडक्यांत राहिला, कीं एकाएकीं अंगावर शहारे आणतो. मराठी घरांतल्या मुलांना याचा अनुभव महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' नें १९९३ मध्येंच दिला. चित्रपट विनोदी, पण रामदास पाध्ये यांनीं घडविलेला तो तात्या विंचू मान वळवून पाहूं लागला, कीं हंसणारीं मुलेंहि उशी पुढें धरीत. बाहुला प्रत्येक घरांत असतो, हें त्यांतलें मर्म.

भूत आणि विज्ञानकथेंतला राक्षस यांच्यांत मात्र एक भेद राखला पाहिजे. भुताला मंत्र असतो. या राक्षसाला कारण असतें. त्याचा जन्म, त्याचें खाणें, त्याचा नियम हीं सर्व ठरलेलीं असतात, आणि तो नियम माणसाची पर्वा करीत नाहीं. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' (२०१८) मधला हस्तर दंतकथेंतला असला तरी त्याची गणना याच जातींत करावी असें वाटतें: त्याची भूक धान्याची आहे, आणि पिठाच्या रिंगणाचा हिशेब चुकला कीं क्षमा नाहीं.

गॉडझिलाचें कारण तर वर्तमानपत्रांत छापलेलें होतें. १ मार्च १९५४ रोजीं अमेरिकेनें बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँब उडविला. त्याची राख दूरवर असलेल्या 'दाइगो फुकुर्यू मारू' या जपानी मासेमारी नौकेच्या २३ खलाशांवर पडली, आणि त्यांतला एक सप्टेंबरांत वारला. ३ नोव्हेंबरला हा चित्रपट लागला, तेव्हां त्याच्या आरंभींच समुद्रांत एक लखलखाट होऊन नौका जळतांना प्रेक्षकांनीं पाहिली. पुढें त्यांत एक आई, प्राणी जवळ येत असतांना, मुलांना उराशीं धरून आतां बाबांकडे जावयाचें आहे असें सांगते. आणि रुग्णालयांत एका लहान मुलाच्या अंगावरून किरणोत्सर्ग मोजण्याचें यंत्र फिरवितात. हिरोशिमाला तेव्हां नऊ वर्षेंच झालीं होतीं. दोन वर्षांनीं अमेरिकेंत हा चित्रपट रेमंड बर या नटाचीं नवीं दृश्यें घालून दाखविण्यांत आला, आणि बाँबविषयींचें पुष्कळसें संभाषण त्यांतून काढून टाकलें होतें. पोशाख तोच, शहर तेंच, किंकाळी तीच. पण तिकडच्या बहुसंख्य प्रेक्षकांना ती एक मौजेची मोडतोड वाटली. मूळ जपानी आवृत्ति अमेरिकेच्या चित्रगृहांत व्यवस्थितपणें पोंचली ती २००४ सालीं.