चार रेघांचे चित्र

मंडळी, तुम्ही आता वाचायला शिकलात. अंगठा सुटला, सही आली. एसटीची पाटी वाचता येते, दुकानाचे नाव वाचता येते. मग आज आम्ही चित्रे काढायची गोष्ट का काढली? “चित्र काढणं हे पोरासोरांचं काम. आमचं काय त्यात?” असे कोणी म्हणेल.

थोडा दम धरा. आम्ही सांगतो ते चित्र भिंतीवर टांगायचे नाही. ते देखणे नसले तरी चालेल. चार रेघांत काढायचे आणि बघणाऱ्याला चटकन कळायचे, एवढेच त्याचे काम. अशा चित्राने माणसाचा जीवही वाचतो. कसा, ते पुढे येईलच.

तुम्हांला हे येतेच

“मला चित्र येत नाही,” असे बायाबापड्या म्हणतात. पण त्यांच्या दारापुढची रांगोळी पाहा. दोन गोल काढले, एकाला किरण दिले आणि दुसऱ्याला कोर दिली. झाले सूर्य-चंद्र! दिवाळीत लक्ष्मीची पावले काढतात. बाजूने मुठीचा ठसा, वर पाच ठिपके, पाऊल तयार. पावले कोणत्या बाजूला वळली आहेत, त्यावरून लक्ष्मी घरात येते आहे हे कळते. चातुर्मासात तेहतीस गोपद्मे काढतात. तिथे गाय काढत नाहीत, गायीचे खूर काढतात. तेवढ्यावर गाय समजते.

यात मोठी युक्ती आहे. सगळी वस्तू काढायची नाही. तिची ओळख पटेल तेवढाच भाग काढायचा. बैल काढायचा तर शिंगे हवीत. कोंबडा काढायचा तर तुरा हवा. शिंगे विसरलात, तर तुमच्या बैलाला लोक गाढव म्हणतील!

वारल्यांच्या भिंती

पालघर जिल्ह्यात डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत वारली लोक राहतात. घराची कुडाची भिंत शेणामातीने सारवून तिला गेरू लावतात. तांदळाचे पीठ पाण्यात कालवतात. बांबूच्या काडीचे टोक चेचले की कुंचला झाला. लग्न निघाले की सवाशिणी त्या भिंतीवर लग्नाचा चौक काढतात.

त्यांचा माणूस कसा असतो? एक त्रिकोण टोक खाली करून काढायचा. त्याच्या टोकाला दुसऱ्या त्रिकोणाचे टोक भिडवायचे. हे झाले धड. वर छोटा गोल, ते डोके. हात आणि पाय म्हणजे नुसत्या रेघा. पण कंबर वाकवली की माणूस नाचतो, पाय फाकवले की पळतो. डोक्यावर गोल दिला की बाई पाणी घेऊन निघाली.

त्याच भागातले जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली. त्यांची चित्रे परदेशांतही गेली. २०११ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. २०१८ साली ते वारले. गोल, त्रिकोण आणि रेघ, एवढ्याच भांडवलावर त्यांनी शेती, लग्ने, जंगल आणि जाळे टाकणारे कोळी असे सारे जग उभे केले.

अक्षरेही चित्रांतून निघाली

जगातल्या पुष्कळ लिप्या आधी चित्रे होत्या. चिनी लोकांची लिपी घ्या. झाडासाठी त्यांचे एक अक्षर आहे: उभा बुंधा, आडवी फांदी, खाली दोन तिरपी मुळे. ते अक्षर दोनदा काढले की राई झाली. तीनदा काढले की दाट जंगल झाले.

इंग्रजीचे पहिले मोठे अक्षर ए तुम्ही पाहिले असेल. ते उलटे करून बघा. खाली निमुळते तोंड आणि वर दोन शिंगे दिसतील. हजारो वर्षांपूर्वी ते बैलाचे डोके होते. लिहिता लिहिता रेघा झिजल्या, डोके फिरले आणि बैलाचे अक्षर झाले. म्हणजे चित्र ही अक्षराची थोरली बहीण आहे. अक्षर आले म्हणून थोरल्या बहिणीला घराबाहेर काढायचे कारण नाही.

चित्रावर उभी राहिलेली निवडणूक

देश स्वतंत्र झाला आणि १९५१-५२ साली पहिली मोठी निवडणूक झाली. १९५१ च्या खानेसुमारीत शंभरांत अठरा माणसेच साक्षर होती. बाकीच्यांनी उमेदवाराचे नाव वाचायचे कसे? मग प्रत्येकाला एक चित्र दिले: बैलजोडी, झोपडी, झाड, पणती, कणीस आणि विळा. ज्या त्या उमेदवाराची पेटी वेगळी. पेटीवर त्याचे चित्र चिकटवलेले. मतदाराने आडोशाला जायचे आणि आपल्या पसंतीच्या पेटीत चिठ्ठी टाकायची. पुढे १९६२ च्या निवडणुकीपासून एकाच कागदावर सगळी नावे आणि चित्रे येऊ लागली. आता मतदानाचे यंत्र आले आहे. तरी नावाशेजारी चित्र असतेच.

ती चित्रे घराशेतातली का निवडली? कारण ती सगळ्यांच्या ओळखीची होती. हा दुसरा धडा. बघणाऱ्याला जी वस्तू ठाऊक आहे, तीच काढावी. ज्याने कधी जहाज पाहिले नाही, त्याला जहाजाचे चित्र काय सांगणार?

हात कसा बसवायचा

आता कोळसा घ्या, खडू घ्या, नाहीतर मातीत काडीने काढा. एवढे आकार पुरतात: ठिपका, रेघ, गोल, चौकोन, त्रिकोण.

चौकोनावर त्रिकोण ठेवला की घर होते. गोलात गोल काढला की विहीर. उभ्या रेघेवर ढगासारखा गोल काढला की झाड. लांबट गोलाच्या मागे त्रिकोण जोडला की मासळी. माणसासाठी डोक्याचा गोल, धडाची रेघ, हातांच्या दोन आणि पायांच्या दोन रेघा पुरेत.

वस्तू झाल्या. पण आनंद, दुःख, दुष्काळ, एकी ही दिसत नाहीत. ती कशी काढायची? तोंडाची रेघ कडांना वर वळवली की माणूस हसतो, खाली वळवली की कष्टी होतो. मोठा सूर्य आणि खाली आडवी पडलेली रिकामी घागर काढली की दुष्काळ कळतो. चार माणसांनी मिळून एक दोर ओढला की एकी. न्यायाला तराजू, वेळेला घड्याळ. कुठे जायचे ते बाणाने दाखवा. ‘हे करू नका’ असे सांगायचे तर चित्रावर काट मारा. मनातली गोष्ट दिसत नसली, तरी ती ज्यातून दिसते ती वस्तू काढता येते.

मोठे नको, जास्त काढा

युरोपात ऑस्ट्रिया नावाचा देश आहे. तिथल्या व्हिएन्ना शहरात ऑटो नॉयराथ नावाचे विद्वान होते. आकड्यांची कोष्टके सामान्य माणसाला कळत नाहीत, हे त्यांनी पाहिले. १९२५ साली त्यांनी तिथे एक संग्रहालय काढले आणि आकडे चित्रांनी सांगायला सुरुवात केली. गेर्ड आर्न्ट्झ या चित्रकाराने त्यांच्यासाठी शेकडो साधी चित्रे तयार केली.

त्यांचा एक नियम फार कामाचा आहे. जास्त दाखवायचे असेल तर चित्र मोठे करू नका. तेच चित्र पुन्हा पुन्हा काढा. का बरं? समजा, गेल्या साली दहा पोती ज्वारी झाली आणि यंदा वीस. यंदाचे पोते तुम्ही दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद काढले, तर ते कागदावर चौपट जागा खाते. बघणारा म्हणेल, “अबब, केवढं पिकलं!” चित्राने खोटे सांगितले. त्यापेक्षा गेल्या सालासाठी दहा पोती काढा आणि यंदासाठी वीस. मोजले की हिशेब पटतो.

घरात आणि गावात उपयोग

डॉक्टरांनी औषधाच्या तीन पुड्या दिल्या. घरी म्हातारीला वाचता येत नाही. एका पुडीवर उगवता सूर्य काढा, दुसरीवर माथ्यावरचा सूर्य, तिसरीवर चंद्र. म्हातारी कोणाला न विचारता वेळेवर औषध घेईल.

लहान मुलाला हगवण लागली तर अंगातले पाणी जाते. दवाखान्यातली पुडी मिळाली तर तीच पाण्यात कालवून द्यावी. नाही मिळाली तर घरी करता येते: उकळून थंड केलेले एक लिटर पाणी, चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. माप चुकता कामा नये. मीठ जास्त झाले तर अपाय होतो. म्हणून चुलीमागच्या भिंतीवर काढून ठेवा: एक लिटरची बाटली, सहा भरलेले चमचे, मग अर्धा भरलेला एक चमचा. साखरेच्या चमच्यांखाली ऊस काढा, म्हणजे साखर आणि मीठ यांत गोंधळ होणार नाही. हा लेप लावून ठेवण्याचा उपाय नव्हे. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले किंवा पाणी पोटात टिकेना, तर थेट दवाखाना गाठावा.

गावाचा नकाशाही असाच होतो. चावडीपुढे जमीन झाडून घ्यायची. रांगोळीने रस्ता आणि ओढा काढायचा. विहिरीला दगड, घराला पान, पाण्याच्या टाकीला वाटी ठेवायची. सगळे भोवती उभे राहिले की जो तो बोलू लागतो. “अहो, ही विहीर इथं नव्हं, पल्याड हाय.” “आमच्या वस्तीची घरं कुठं गेली?” कागदावरचा नकाशा दोघा-तिघांनाच कळतो. जमिनीवरचा नकाशा न शिकलेल्या बाईलाही दुरुस्त करता येतो. नळ कुठवर न्यायचा हे ठरवताना ज्याचे घर नकाशात नाही, त्याच्या दारात पाणी येत नाही. म्हणून आपले पान ठेवले आहे की नाही, हे ज्याने त्याने पाहावे.

चित्र नीट वाचा

चित्र काढण्याइतकेच ते नीट वाचणे महत्त्वाचे आहे. पिकावर फवारायच्या औषधाच्या डब्यावर शंकरपाळीसारखा उभा चौकोन असतो. त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल विष. त्याच्या वर कवटी आणि आडवी-तिडवी हाडे असतात. पिवळे त्याखालोखाल. मग निळे. शेवटी हिरवे.

इथेच माणूस फसतो. खाण्याच्या पुड्यावर हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. रस्त्यावर हिरवा दिवा म्हणजे चला. म्हणून औषधावर हिरवे दिसले की वाटते, हे चांगले असेल. तसे नाही! हिरवे म्हणजे इतरांहून सौम्य, पण तेही विषच. चारही रंग सांगतात की तोंड बांधा, हातमोजे घाला, वाऱ्याच्या उलट दिशेला फवारू नका आणि रिकाम्या डब्यात पाणी भरू नका.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती. पण डब्यावरची खूण ओळखणे ही आपल्या हातातली पहिली राखण आहे. ती सालगड्यालाही दाखवा. त्याला अक्षर येत नसेल, पण रंग आणि कवटी त्याला कळते.

यावरून तिसरा धडा घ्या. चित्र चटकन बोलते, पण थोडेच बोलते. कवटी ‘जपा’ एवढे सांगते. किती पाण्यात किती औषध, हे सांगत नाही. ते अक्षरच सांगते. म्हणून जिथे जमेल तिथे चित्राखाली दोन शब्द लिहा. ज्याला वाचता येते तो वाचेल, ज्याला येत नाही तो पाहील. आणि रोज चित्राखालचे तेच शब्द पाहता पाहता एक दिवस तोही वाचू लागेल.

हे करून पाहा

१. तुमच्या घरापासून शाळेपर्यंतची वाट काढा. वाटेत लागणाऱ्या तीन खुणा दाखवा.

२. गेल्या साली आणि यंदा किती पोती धान्य झाले, ते पोत्यांच्या चित्रांनी दाखवा.

३. ‘इथले पाणी पिऊ नका’ हे एकही अक्षर न लिहिता काढा. मग शेजाऱ्याला दाखवा आणि काही न सांगता विचारा, “यातून काय कळलं?” त्याला कळले नाही तर त्याला हसू नका. चित्र पुन्हा काढा.